साडेबाराची नगर गाडी

दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या सोसायटीत चक्कर मारलीत तर प्रत्येक मजल्यावर एक तरी म्हातारं माणूस हातात वाटी घेऊन कोणाच्या तरी मागे धावताना दिसेल. आईबाप हिंजवडीला नाहीतर खराडीला, तीन वर्षांचं पोर घरी, आणि त्या पोराच्या पोटात वाटीभर मऊ भात उतरवायची जबाबदारी गावाहून आणवलेल्या आजी-आजोबांवर. चिऊचा घास, काऊचा घास करत पहिले चार घास जातात. मग पक्षी संपतात. मग लिफ्टची बटणं दाबायला देणं, वॉचमनकाकांची भीती, पार्किंगमधल्या मांजरीला साक्षीला बोलावणं, आणि सगळं फसलं की मोबाईल. तो समोर धरला की तोंड आपोआप उघडतं. आत काय पडतंय याच्याशी त्या पोराचा संबंध नसतो. वाटी रिकामी झाली की आजी जिंकली.

या पळापळीत तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा कधीच नसतात. अण्णा पळत नाहीत. अण्णा गाडी सोडतात.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. मूळचे पारनेर तालुक्यातले, आणि अख्खी नोकरी बहुतेक पुणे–नगर रस्त्यावर काढलेली. त्यांच्या मते महाराष्ट्रात रस्ता हा एकच, बाकीचे त्याला येऊन मिळतात. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली, हे ते अशा थाटात सांगतात की त्या दिवशी घंटी यांनीच मारली असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं. वास्तविक त्यांचा जन्मच त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झाला. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामापायी वाकडेवाडीला गेलं, ते त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. त्यांची गाडी शिवाजीनगरहूनच सुटते.

आणि रोज सुटते. साडेबाराला. त्यांच्या स्वयंपाकघरातून.

ईरा त्यांची नात. सव्वातीन वर्षांची, आवाज भक्कम, मत ठाम, वजन बेताचं. साडेबाराला पाच मिनिटं असताना अण्णा पॅसेजमध्ये उभे राहून पुकारा करतात : "शिवाजीनगर–नगर, शिवाजीनगर–नगर! वाघोली, शिक्रापूर, शिरूर, नगऽऽर! चला ताई, बसून घ्या, बसून घ्या." नातीला ते ताई म्हणतात आणि अहोजाहो करतात. सुरुवातीला मला हे लाड वाटले. लाड वगैरे काही नाही. प्रवाशाला अरे-तुरे करायचं नाही, हा नियम.

खुर्चीच्या पाठीला एक दोरी, दोरीच्या टोकाला आजींच्या देवघरातली जुनी घंटा. ती त्यांनी रीतसर मागून घेतली की सरळ सोडवून आणली, यावर घरात दोन मतं आहेत. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोरी ईराच्या हाताला येईल अशी बांधलेली. पुणे ते नगर १२० किलोमीटर, एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे वीस टप्पे, म्हणजे वीस घास. हा हिशेब ऐकून सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "बाबा, दुधाचे दातसुद्धा वीसच असतात." अण्णा म्हणाले, "महामंडळानं सगळा विचार करूनच टप्पे पाडलेत."

वाघोलीपर्यंत वरणभात. लोणीकंदला वरून तूप. शिक्रापूरला भाजी चढते, आणि भाजी चढली की गाडीत कुरबुर सुरू होते, कारण भाजी ही ताईंच्या मते नेहमी दुसऱ्याच्या सीटवर बसते. रांजणगावला गणपती, तिथे गाडी दोन मिनिटं थांबते, गुळाचा खडा मिळतो. शिरूरला पाणी. घोडनदीचा पूल ओलांडताना ताकाचा एक घोट, कारण इथे जिल्हा बदलतो. सुप्यानंतर रस्ता सरळ आहे. केडगावला ईरा पेंगायला लागते, पण नगर आल्याशिवाय उतरत नाही. ताट रिकामं झालं की अण्णा म्हणतात, "नगर! गाडी रिकामी करा, सामान बघून घ्या," आणि ईरा वाकून खुर्चीखाली सांडलेली शितं बघून घेते.

हे झालं गाडी नगरला पोचली त्या दिवसाचं. सुरुवातीचे बरेच दिवस ती पोचत नसे. शिक्रापूरलाच घंटी वाजे. ठण्. एकच.

इथे दुसऱ्या कुठल्याही आजोबांनी काय केलं असतं ते मी वर सांगितलंच आहे. अण्णा विचारत, "कोण उतरतंय?" ईरा म्हणे, "मी." अण्णा रेघा मारलेली एक वही काढत. तिला ते वेबिल म्हणतात. त्यात लिहीत : १२.४१, शिक्रापूर, प्रवासी उतरले. आणि ताट उचलत. राग नाही, विनवणी नाही, 'आजोबांसाठी एक' नाही. पुढची गाडी साडेचारची.

आजी कळवळत. सून ऑफिसातून फोन करून विचारी, "बाबा, कुठपर्यंत गेली आज?" उत्तर येई, "लोणीकंद." तो फोन एकदा मी ऐकला. पलीकडे एक सुशिक्षित बाई मीटिंगमधून बाहेर येऊन लोणीकंद ऐकून रडवेली झाली होती. शेवटी तिने ईराला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, तक्ता पाहिला आणि समजावलं की पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, पुढे मात्र वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. काय वाढायचं आणि केव्हा, ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू द्या. मग अण्णांनी पिशवीतून वेबिल काढून पुढे केलं. डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "रांजणगावला रोज न चुकता गूळ?" अण्णा म्हणाले, "देवस्थान आहे." डॉक्टरांनी खडा लहान करायला सांगितला. तो तेव्हापासून लहान आहे.

अण्णांचं म्हणणं डॉक्टरांच्या पुढे एक पाऊल होतं. मला एकदा जिन्यात थांबवून त्यांनी ते समजावून सांगितलं. "रिकामी गाडीसुद्धा वेळेवर सुटली पाहिजे. माणूस नाही म्हणून फेरी रद्द केली, की दुसऱ्या दिवशी माणूस स्टँडवर येत नाही. आणि प्रवाशामागं गाडी पळवली की तो स्टँडवर येईलच कशाला? घरी बसून हात दाखवेल. तुमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या प्रवाशांमागं पळतायत." हे 'तुमच्या सोसायटीत' मला जरा लागलं. आमच्याकडेही एक साडेतीन वर्षांचा मुलगा आहे, आणि आमची गाडी त्या सकाळी पार्किंगमध्ये माऊपर्यंत गेली होती.

मधल्या वेळेत बिस्किट नाही. मधला थांबा फक्त एका कामासाठी, त्याचं नाव विनंती थांबा. ईराने हात वर केला की अण्णा जिथे असतील तिथे सगळं टाकतात. भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस, फोन, आरती, काहीही. "प्रवाशानं सांगितलं की थांबायचं. पुढच्या स्टँडवर जा म्हणायचं नाही. पुढचं स्टँड कुणी पाहिलंय?" एकदा गणपतीत सोसायटीच्या मांडवात मंत्रपुष्पांजली रंगात आलेली असताना ईराचा हात वर गेला. अण्णांनी तिला उचललं आणि 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' करत मंडळाच्या अध्यक्षांना ढकलून लिफ्ट गाठली. अध्यक्षांनी पुढे बरेच दिवस अबोला धरला. अण्णांना तो जाणवला नाही.

कधी थांबायला उशीर होतोच. तेव्हा रागावणं नाही, 'एवढी मोठी झालीस आणि' नाही, शेजारणीसमोर गाल ओढून 'आज कोणी शू केली?' तर नाहीच नाही. फडकं, बादली, फिनेल. "गाडी गळते कधीमधी. वर्कशॉपला धुऊन घ्यायची." ज्या आजी-आजोबांचे कान या विषयात फार तिखट असतात त्यांच्या नातवंडांना चौथ्या वर्षीही पडद्यामागे लपून उभं राहावं लागतं, हे मी आमच्याच मजल्यावर पाहिलं आहे.

पण अण्णांचं खरं रूप पाहायचं तर ब्रेकडाऊनच्या वेळी. मोठ्या दुकानाच्या काउंटरपाशी चॉकलेटं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडतात. ज्याने ती तिथे मांडली त्याला एकदा आमच्या घरी आठवडाभर राहायला बोलवावं असं मला फार वाटतं. तर तिथे ईराने एकदा फरशीवर अंग टाकलं. सगळ्या अवयवांसकट. आवाज वरच्या मजल्यावरच्या कपड्यांच्या विभागापर्यंत. अशा वेळी तरुण आईबाप गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांत बघत 'तुला राग आलाय का, आपण रागाला काय म्हणूया' असं विचारतात, कारण पुस्तकांत तसं सांगितलेलं असतं. मूल त्या क्षणी रागाला काहीही म्हणायच्या मनःस्थितीत नसतं. जुन्या पिढीतले लोक धपाटा देतात, मग दोघंही रडतात. अण्णांनी छत्री काढली, ती ईराच्या पायांपासून चार फुटांवर आडवी ठेवली. पलीकडे भाजीची पिशवी ठेवली. घाटात गाडी बंद पडली की मागे झाडाच्या फांद्या टाकून ठेवतात ना, तसं. मग स्वतः बाजूला उभे राहून हाताने ट्रॉल्या वळवायला लागले : "डावीकडून घ्या, डावीकडून. गाडी बंद पडलीय. नाही, चालू होईल आपोआप. इंजिन तापलंय."

लोक डावीकडून घेत होते. एका बाईंनी तर "किती वेळ लागेल?" असंही विचारलं. ईराचा आवाज हळूहळू उतरला. एक डोळा उघडून तिने छत्री पाहिली, पिशवी पाहिली, वाहतूक पाहिली. मग उठून बसली आणि येणाऱ्या ट्रॉलीला हात केला : "डावीकडून." चॉकलेट मिळालं नाही. ते तिने मागितलंही नाही, कारण तोवर ती ड्यूटीवर होती.

आता हे सगळं वाचून कोणाला अण्णा म्हणजे बालमानसशास्त्राचे जाणकार वाटतील, तर तसं नाही. त्यांच्या हट्टांनी घर मेटाकुटीला येतं. रविवारीही साडेबारा म्हणजे साडेबारा. पाहुणे मटणाची वाट बघत बसलेले असले तरी आधी नगर गाडी. दुपारी झोपलेल्या पोरीला तीन वाजता 'वेळ झाली' म्हणून उठवतात आणि मग ती संध्याकाळभर ज्याच्या-त्याच्या अंगावर येते. गाणं त्यांना एकही येत नाही. झोपवताना ते स्टँडवरच्या भोंग्याच्या आवाजात गाड्यांची यादी म्हणतात, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' पासून. गंमत म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गाडीला ईरा झोपते. स्टँडवर मोठी माणसंही झोपतातच.

आणि तिच्या 'का?'ला त्यांच्याकडे उत्तर नाही. तीन वर्षांचं मूल जागेपणी सतत 'का' विचारत असतं. अंधार का होतो, पाल भिंतीवरून पडत का नाही, आजीला मिशी का नाही. अण्णा सगळ्याला एकच सांगतात, "वरून आदेश आहेत." कोणाचे? "विभाग नियंत्रकांचे." यातून ईराची अशी समजूत झाली की वर कोणीतरी विभाग नियंत्रक राहतात आणि पाऊस, अंधार, मिशा हे त्यांचं खातं आहे. बरोबर वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. एका संध्याकाळी ती वर जाऊन त्यांना बजावून आली की आज अंधार उशिरा करा. प्राध्यापकांना आयुष्यात एवढे अधिकार कोणी दिले नव्हते. ते आता रोज तिच्यासाठी दार उघडं ठेवतात, आणि पाल का पडत नाही ते मला विचारून, वाचून, तयार असतात. म्हणजे 'का'ची सोय झाली. अण्णांनी केली असं मात्र म्हणवत नाही.

सूनबाईंचं खातं फ्रिजच्या दारावर. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस चिकटवलेली आहे : दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी बसली तर उत्तमच. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली आणि ताबडतोब अंमलात आणली. मात्र सगळ्यांसाठी. परिपत्रक आलं की ते आगारातल्या सगळ्यांना लागू, असं ते म्हणतात. रात्री जेवताना मुलाने मोबाईल उघडला की ते घड्याळाकडे बघतात. वय पस्तीस, कंपनीत हाताखाली बारा माणसं, आणि हा गृहस्थ बाथरूममध्ये जाऊन मेल बघतो.

प्लेग्रुपच्या पहिल्या आठवड्यात फाटकापाशी जो आकांत चालतो तो सगळ्यांनी ऐकलेला आहे. 'आत्ता येते हं सोनू' म्हणत आया मागच्या मागे पळ काढतात. अण्णांना हे फार झोंबलं. "प्रवाशाला खोटी वेळ सांगायची नाही. खरं सांगा, गाडी साडेअकराला आहे. रडेल. रडू द्या. पण साडेअकराला गाडी दिसली पाहिजे." ते सव्वाअकरालाच फाटकाबाहेर उभे. ईरा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बाईंनी निरोप पाठवला की ती इतर मुलांकडे सुट्टे पैसे मागते आणि घसरगुंडीवर 'पुढे सरका, आत जागा आहे' म्हणून ओरडते. अण्णांनी तो निरोप दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, असं मी त्यांना सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. "गाव तिथं एसटी," ते म्हणाले.

अण्णांच्या या कारभाराकडे आजी अलिप्तपणे बघतात. "हे सगळं आत्ताचं बरं का," त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "स्वतःच्या पोराच्या वेळी काय? मुक्कामी ड्यूट्या. रात्री नगरला, नाहीतर कुठल्या खेड्यात गाडीतच झोपायचं. आपल्या पोराला वांगं आवडत नाही हे ह्यांना त्याच्या लग्नात कळलं. व्याह्यांनी सांगितलं." अण्णा तिथेच बसून वेबिलावर रेघा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "भरलं वांगंसुद्धा आवडत नाही?" आजी म्हणाल्या, "बघा."

गाडीभाड्याचा विषय निघाला की अण्णा खुलतात. ईराचा हिशेब त्यांनी पुढपर्यंत करून ठेवला आहे. "ताईंना सध्या फुकट. पाच पुरी झाली की अर्धं. बारानंतर फुल लागलं असतं, पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच, म्हणजे अर्धंच चालू राहील. पंचाहत्तरीनंतर परत फुकट." एका बाईमाणसाचं अख्खं आयुष्य त्यांनी असं दीड मिनिटात माझ्यासमोर मांडलं आणि म्हणाले, "फुल तिकीट काय ते तुमच्यासारख्यांना."

मागच्या फेब्रुवारीत ज्वारी काढायला अण्णा आणि आजी दोघंही गावी गेले. सूनबाईंचा ऑफिसचा दौरा नेमका तेव्हाच. मुलाने रजा टाकली. जाताना अण्णांनी त्याला वेबिल दिलं, पेन दिलं, दोरीची गाठ तपासली. "अण्णा, एका लहान मुलीला जेवू घालायचंय," तो म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी एक वाजता मी साखर मागायला गेलो तर तो स्पीकरवर गावी बोलत होता. "अण्णा, ती चौथ्या घासाला थांबलीय."

"कुठं?"

"इथेच. टेबलावर."

"गाव कुठलं?"

"गाव नाही विचारलं."

"मग तिला तरी काय कळणार, पुढं कुठं जायचंय?"

ईराने फोन ओढून घेतला. "अण्णा, बाबा लोणावळ्याला चाललाय."

"नकाशात तोच रस्ता मोकळा दाखवत होता," मुलगा म्हणाला. गावाकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. साखर न घेताच मी परत आलो.

अण्णा परतले ते चार दिवसांनी, अंगाला कडब्याचा वास, काखेत हुरड्याची पिशवी. चहासुद्धा न घेता त्यांनी आधी वेबिल मागितलं. पहिला दिवस, उतारू लोणावळा, शेरा नाही. दुसरा दिवस कोरा. तिसऱ्या दिवशी मात्र शिवाजीनगर ते नगर सगळे टप्पे भरलेले, रांजणगावच्या गुळासकट, वेळा मिनिटावर, आणि अक्षराच्या जागी मेणखडूच्या गोल-गोल खुणा. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ताईंनी वीसच्या वीस टप्पे केले?"

"मी नाही," ईरा म्हणाली. "मी कंडक्टर होते."

"मग प्रवासी कोण?"

मुलगा सोफ्यावर बसला होता. त्याने हात वर केला.

"भाजी कसली होती?"

"वांगं," ईरा म्हणाली.

अण्णांनी मुलाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग ईराकडे. "फुल तिकीट फाडलं ना?"